राखेचा बुधवार आणि डोंगरावरची राख



येत्या बुधवारी आपण कपाळावर राख लावून घेण्यासाठी वेदीसमोर येणार आहोत. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद देऊन वाटलेली पाने आपण घरी नेली, क्रुसामागे खोवून ठेवली. तीच परत आणून, जाळून ही राख होते. ज्यांची पाने अजून घरीच आहेत त्यांनी ती मंगळवारी संध्याकाळपर्यंत देवळात पोहोचवावीत. फार लागत नाहीत. सगळ्या धर्मग्रामाला पुरेल एवढी राख एका वाटीत मावते.

याच दिवसांत आंबीहून आंदर मावळाकडे जाणाऱ्या रस्त्याने कुणी संध्याकाळी गेले, तर त्याला दुसरी राख दिसेल. ती वाटीत मावणारी नाही. उतारच्या उतार काळे झालेले असतात आणि अंधार पडला की डोंगराच्या अंगावर वणव्याची वाकडीतिकडी रेघ सरकताना दिसते. मुले गाडीतून ती बघतात आणि म्हणतात, “दिवाळी!” फेब्रुवारीत हे सुरू होते आणि मेपर्यंत चालते. म्हणजे आपला उपवासकाळ आणि मावळातला वणव्याचा काळ हे जवळपास एकच. राखेच्या बुधवारी आपण सुरुवात करतो आणि पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री, पास्काच्या जागरणात, देवळाबाहेर नवा अग्नी पेटवतो आणि त्याच रात्री पाण्याला आशीर्वाद देतो. अग्नी आणि पाणी एकाच रात्री, एकाच विधीत. इतकी वर्षे तो विधी करताना आमचे सगळे लक्ष मेणबत्ती विझू नये याकडे असते. यंदा मात्र त्या दोन गोष्टींमधल्या नात्याचा विचार चाळीस दिवस करावा असे आम्हाला वाटते, कारण आपल्या नळाचे पाणी त्या जळणाऱ्या उतारांवरूनच येते.

धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना अलीकडे विचारले होते, पाणी कुठून येते? उत्तर आले, टाकीतून. टाकीत कुठून? मोटरीने. मोटरीला कुठून? सोसायटीच्या हौदातून. हौदात? टँकरने किंवा पाइपने. पुढे कुणी गेले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलची चार कारणे आम्हाला घोकावी लागत, आणि कारणांची साखळी मधेच सोडून द्यायची नाही हा धडा तेव्हा कंटाळवाणा वाटे. पण पाण्याच्या बाबतीत आपण मोठी माणसेही मुलांसारखीच हौदापाशी थांबतो.

साखळी पुढे नेऊ या. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला तळेगाव-आंबीकडे येईपर्यंत तो निम्म्याहूनही बराच कमी होतो. म्हणजे आपण जे पाणी पितो ते मुख्यतः आपल्यावर पडलेले नसते. वरच्या मावळावर पडलेले असते. पवन मावळातले पाणी पवना धरणात साठते. त्या धरणाची क्षमता सुमारे साडेआठ टीएमसी आहे. तिथून ते नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि पिंपरी-चिंचवडच्या घरांत जाते. आंदर मावळातल्या आंद्रा धरणाचे पाणी आंद्रा नदीतून इंद्रायणीत येते. आपल्या आंबीच्या वेशीजवळून वाहणारी इंद्रायणी ते खाली निघोजेच्या बंधाऱ्यापर्यंत नेते आणि तिथून ते चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात जाते. हीच इंद्रायणी देहूला आणि आळंदीला पोहोचते. (पानशेतचे धरण ज्या नदीवर आहे तिचेही नाव आंबीच. ते १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे बुडाले. ती आंबी वेगळी, आपले गाव वेगळे. नव्याने आलेल्या कुटुंबांचा गोंधळ होतो म्हणून सांगितले.)

आणि हे झाले फक्त पूर्वेचे. लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकरवाडी, मुळशी ही टाटांची धरणे पूर्वेकडे जाणारे पाणी अडवून घाटाखाली पश्चिमेला वळवतात. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली, भिऱ्याचे १९२७ साली. वीज करून झाल्यावर ते पाणी पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका या नद्यांना मिळते, आणि खालची गावे, कारखाने, शहरे त्यावर जगतात. उल्हास नदीचे पाणी बदलापूर, कल्याणकडचे आपले नातलग पितात. एका डोंगराच्या दोन उतारांवर किती माणसांची तहान टांगलेली आहे, याचा हिशेब करायला बसलो तर रविवारची मिस्सा संपून जाईल.

आता त्या डोंगरावर काय घडते ते पाहू. सह्याद्रीचा दगड म्हणजे काळा कातळ. तो भाकरीसारखा पाणी शोषून घेत नाही. पाणी राहते ते त्याच्यावरच्या मातीत, मुरमात आणि कातळाच्या भेगांत. जुलैतला मुसळधार पाऊस उघड्या, जळलेल्या उतारावर पडला की थेंब मातीला ठोकून काढतो, वरचा थर गाळ होऊन ओढ्यात जातो आणि दोन तासांत सगळे पाणी खाली निघून जाते. तोच पाऊस झाडीवर पडला तर आधी पानांवर अडतो, मग कारवीवर, मग खाली साचलेल्या पालापाचोळ्यावर. त्या पाचोळ्याखाली किडे, गांडुळे, मुळ्या यांनी माती भुसभुशीत केलेली असते. पाणी तिच्यात मुरते, मुरमात उतरते, भेगांतून सावकाश सरकते आणि महिन्यांनंतर कुठेतरी खाली झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पाचोळा ही डोंगराची गोधडी आहे. ठिगळाला ठिगळ जोडून ती तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षे लागतात. वणवा ती एका संध्याकाळी नेतो.

गोधडी गेली की दोन गोष्टी होतात. ओढा जानेवारीतच आटतो. आणि पावसाळ्यात धरणात पाण्यासोबत माती येते. ती माती तळाशी बसली की धरणाची जागा तेवढी कमी झाली, आणि ती परत काढणे जवळजवळ अशक्य असते. बाकीची माती शुद्धीकरण केंद्रापर्यंत येते. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले म्हणून आपण तक्रार करतो, तेव्हा केंद्रातला कामगार तुरटीचा डोस वाढवत असतो. डोंगरावर जे काम पाचोळा फुकट करत होता, ते आता पोत्यांनी तुरटी आणून करावे लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण या विषयावर भाबडे बोलणे फार चालते. झाडे लावली की पाणी वाढते, असे सरसकट म्हणता येत नाही. झाडेही पाणी पितात. भराभर वाढणारी निलगिरी सगळीकडे लावली तर झरे उलट लवकर आटू शकतात. धरणात वर्षभरात जमा होणारे एकूण पाणी जंगलामुळे वाढेल असे नाही. कदाचित थोडे कमीही होईल. पण जे येईल ते स्वच्छ येईल, आणि एका आठवड्यात धो धो न येता उन्हाळ्यापर्यंत टिकून येईल. शहराला हेच हवे असते. पावसाळ्यातला पूर कुणालाच प्यायचा नसतो.

उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी वाचण्यासाठी निर्गमाच्या पुस्तकातला एक प्रसंग नेमलेला आहे. इस्राएल लोक वाळवंटात तहानेने कासावीस झाले आणि मोशेवर उठले. मिसरातून आम्हाला मारायलाच आणलेस काय, असे विचारू लागले. देवाने मोशेला खडकावर काठी मारायला सांगितली आणि खडकातून पाणी आले. आपण हा चमत्कार ऐकतो तेव्हा खडकातून पाणी कसे येईल या नवलात रमतो. पण मावळातल्या माणसाला त्यात काय नवल? इथे पाणी खडकातूनच येते. कार्ला, भाजे, बेडसे या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी कातळात पाण्याच्या पोढी खोदल्या. लोहगड, विसापूरवर टाकी खोदलेली आहेत. या भूमीला खडकातल्या पाण्याची ओळख आपल्या आधीपासून आहे.

आम्हाला त्या प्रसंगात जास्त महत्त्वाचे वाटते ते पुढचे वाक्य. मोशेने त्या जागेला दोन नावे दिली, मस्सा आणि मरीबा. त्यांचा अर्थ परीक्षा आणि भांडण. पाणी मिळाले, तरी जागेचे नाव भांडणावरूनच पडले. लोकांच्या लक्षात पाणी राहिले नाही, वाद राहिला.

आपल्याकडेही मरीबा आहे. पवनेचे पाणी बंद पाइपातून थेट पिंपरी-चिंचवडला न्यायची योजना आली तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. नदीतून पाणी वाहत गेले तर काठच्या विहिरी आणि शेती जगते. पाइपातून गेले तर ते आपल्या दारावरून जाईल आणि आपल्याला दिसणारही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झाले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन जण मृत्युमुखी पडले. त्यांत एक स्त्री होती. योजना तेव्हा थांबवली गेली. आपल्या धर्मग्रामात दोन्ही बाजूंची माणसे आहेत. काही जण पिंपरी-चिंचवडला नोकरी करतात किंवा तिथे घर घेऊन राहिले आहेत. तिथे नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी आले, आणि म्हाताऱ्या आईला सांभाळत पहाटे नळाची वाट बघणे काय असते ते त्यांना विचारा. काही जणांच्या शेजारी अशी घरे आहेत ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या. त्याच्याही आधी, १९२१ ते १९२४ या काळात, मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. म्हणजे डोंगरातल्या माणसाने शंभर वर्षे एकच प्रश्न विचारला आहे : पाणी तुम्हाला, मग आम्हाला काय? या प्रश्नाला सरळ उत्तर दिल्याशिवाय त्याला “वणवा लावू नका, लाकूड तोडू नका” असे सांगण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही, असे आमचे मत आहे.

वणवा लावतो तरी कोण? त्याला एकच उत्तर नाही. जुने गवत जाळले की नवे जोमाने येते, असे गुराखी मानतात. भाताच्या रोपांसाठी शेतकरी राब भाजतात. ते शेताच्या तुकड्यापुरते असते, पण वारा सुटला की वर चढते. कुणी ससा-रानडुकराच्या मागे असतो. आणि कितीतरी वेळा शनिवार-रविवारी फिरायला आलेल्या गाडीतून पडलेली सिगरेट असते, तिचा मालक तोवर हिंजवडीला पोहोचलेला असतो. मोळी घेऊन उतरणाऱ्या कातकरी बाईकडे बोट दाखवणे सर्वांत सोपे, कारण ती पायी चालते आणि दिसते. गॅसचे सिलिंडर परवडेनासे झाले की माणूस परत चुलीकडे वळतो. तिला दोष देण्याआधी आपण स्वतःच्या घरातला सिलिंडर आठवावा.

जगात हे कोडे काही ठिकाणी सोडवले गेले आहे. त्यातले एक ठिकाण तुम्ही सर्वांनी चित्रात पाहिले आहे, पण त्यातले जंगल पाहिलेले नाही. ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो शहरावर, कोर्कोवाडो डोंगराच्या माथ्यावर, हात पसरून उभा असलेला प्रभू येशूचा पुतळा. १२ ऑक्टोबर १९३१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. कित्येकांच्या घरी तो कॅलेंडरवर आहे. त्या पुतळ्याभोवती आणि पलीकडे पसरलेल्या हिरव्या डोंगरांना तिजुका म्हणतात. ते जंगल अनादिकाळापासून जसेच्या तसे उभे नाही. एकोणिसाव्या शतकात तिथे कॉफीच्या मळ्यांसाठी झाडी साफ केली गेली, आणि शहराला पाणी देणारे ओढे आटू लागले. १८६१ साली सम्राट दुसरे पेद्रू यांनी ते डोंगर पुन्हा जंगलाखाली आणण्याचा हुकूम दिला. मेजर मानुएल आर्शेर यांच्याकडे काम सोपवले गेले. तेरा वर्षांत लाखाच्या आसपास रोपे लावली गेली, आणि जी जागा राखली गेली तिथे निसर्गाने आपले आपण कितीतरी जास्त भर घातली.

ही रोपे प्रत्यक्ष लावली कुणी? सुरुवातीला सहा गुलामांनी. त्यांची पहिली नावे तेवढी उरली आहेत : एलेउतेरियो, कोन्स्तांतिनो, लेओपोल्दो, मानुएल, मातेउस आणि एक स्त्री, मरिया. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली, म्हणजे काम सुरू झाल्यानंतर सत्तावीस वर्षांनी. ज्या शहराने त्यांना माणूस मानले नाही, त्या शहराचे पाणी त्यांनी परत आणले. आणि त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी त्याच डोंगररांगेवर ख्रिस्ताचे हात पसरले गेले. पुतळ्याची प्रार्थना करताना त्या मरियेची आठवण कुणाला होते? आम्ही तिचे नाव राखेच्या बुधवारच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत घेणार आहोत.

दुसरे उदाहरण पैशाचे आहे, पण उद्‌बोधक. न्यूयॉर्क शहराचे पाणी दोनशे किलोमीटरपर्यंत दूर असलेल्या डोंगरांतून येते. तिथली शेती आणि वस्ती वाढली, पाणी बिघडण्याची भीती निर्माण झाली, आणि शहरापुढे अब्जावधी डॉलर खर्चून प्रचंड गाळणी केंद्र बांधण्याची वेळ आली. १९९७ साली शहराने वरच्या गावांशी करार केला : केंद्राच्या खर्चाच्या तुलनेत थोडक्या पैशात आम्ही तुमच्या डोंगराची, गोठ्यांची, सांडपाण्याची व्यवस्था करून देऊ, तुम्ही पाणी स्वच्छ ठेवा. भांडणे झाली, अजूनही होतात. पण नव्वद लाखांच्या आसपास लोक आजही मुख्यतः त्या डोंगरांनी गाळलेले पाणी पितात. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातल्या पालमपूरच्या नगरपरिषदेने २०१० साली असाच छोटा करार केला. ज्या बोहल गावाच्या जंगलातल्या झऱ्याचे पाणी शहर पिते, त्या गावाच्या समितीला जंगल राखण्यासाठी दरवर्षी काही रक्कम द्यायची. रक्कम अगदी किरकोळ आहे. पण वरच्या माणसाचे ऋण खालच्या माणसाने लेखी मान्य केले, हे महत्त्वाचे.

आणि फार दूर जायला नको. मुंबईतले, साष्टीतले आपले नातेवाईक ज्याला नॅशनल पार्क म्हणतात, त्या जंगलाचा गाभा टिकला तो विहार आणि तुळशी या तलावांमुळे. विहार १८६० साली पूर्ण झाला, तुळशी १८७९ साली. तलावात घाण येऊ नये म्हणून इंग्रजांनी भोवतालचा मुलूख ताब्यात घेऊन राखला. आज मुंबईच्या पाण्यात त्या दोन तलावांचा वाटा अगदी थोडा आहे, पण त्यांच्या निमित्ताने राखलेली झाडी शहराच्या मधोमध उभी आहे, बिबट्यांसह. अर्थात तिथूनही माणसे उठवली गेली होती. पाण्यासाठी माणूस उठवायचा हा इंग्रजी हिशेब आम्ही आदर्श म्हणून मांडत नाही.

आपल्या मावळात जंगल राखण्याची एक जुनी, माणसांना न उठवणारी रीत होती : देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. अनेक देवराया झऱ्यापाशी, ओढ्याच्या उगमापाशी आहेत. तिथली वाळलेली काडीही उचलायची नाही असा दंडक होता. ज्या दैवतांच्या नावाने हे झाले ती आपल्या श्रद्धेची नव्हेत. पण शेजाऱ्याने देवाच्या भयाने जे पाणी राखले, ते आपण कृतज्ञतेने प्यालो आहोत. एखादे स्थळ आपल्या उपयोगासाठी नाही, असे मान्य करण्यात एक खोल नम्रता आहे. आपण ख्रिस्ती लोक सृष्टी देवाची आहे असे प्रत्येक रविवारी विश्वासांगीकारात म्हणतो, आणि मग तिचा एकही कोपरा मोकळा सोडत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मालकीविषयी एक भेद सांगितला. वस्तू सांभाळण्यासाठी, तिची व्यवस्था लावण्यासाठी ती एखाद्याच्या मालकीची असणे योग्य आहे. पण वापरताना मात्र तिच्याकडे केवळ आपली म्हणून पाहता येत नाही, गरजवंताला ती सहज द्यावी लागते. जमिनीला हा भेद लावणे अवघड जाते, पाण्याला तो आपोआप लागतो, कारण पाणी कुंपण मानत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याचे सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, जगण्याच्या इतर हक्कांच्या आधीचा, असे सांगितले. जुलै २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी सृष्टीच्या संगोपनासाठीच्या नव्या मिस्साविधीने ख्रिस्तयाग अर्पण केला. म्हणजे हा विषय पर्यावरण दिनाच्या भाषणातून उठून आता थेट वेदीवर आला आहे.

इथे आपल्या घरच्या प्रश्नाकडे यावे लागेल. देवळाच्या आवारातली बोअरवेल गेल्या उन्हाळ्यात दोनदा बंद पडली. नवी, अधिक खोल बोअर घ्यावी, असा प्रस्ताव धर्मग्राम सल्लागार मंडळापुढे आहे, आणि त्यासाठी काही कुटुंबांनी उदारपणे देणगीही देऊ केली आहे. शाळेची मुले आहेत, सभागृहातली लग्ने आहेत, सणाला हजारभर माणसे येतात. पाणी लागते हे आम्हालाही कळते. पण कातळातले पाणी भेगांतूनच येते, आणि भेगा आवाराच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. आपण आणखी दोन-तीनशे फूट खाली गेलो तर जे पाणी लागेल, ते कदाचित शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीत जाणारे असेल. त्याची विहीर आटली तर तो आपल्या दाराशी भांडायला येणार नाही. तो टँकर मागवील. मरीबा हे नाव तेव्हा कुणी पाटीवर लिहीत नाही इतकेच.

म्हणून आमचे मत आम्ही मंडळाला कळवले आहे, आणि ते मत आहे, हुकूम नाही. देणगीतला पहिला वाटा सभागृहाच्या आणि शाळेच्या छपरावरचे पावसाचे पाणी जुन्या बोअरभोवती मुरवण्यासाठी वापरावा. एक पावसाळा जाऊ द्यावा. मग बोअरचा विचार करावा. काहींना हे आवडलेले नाही, एका ज्येष्ठ सभासदाने आम्हाला स्पष्ट सांगितले, “फादर, लग्नाच्या वऱ्हाडाला तत्त्वज्ञान पाजता येत नाही.” त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सणाच्या दिवशी टँकर लागला तर तो आणावा लागेल.

दुसरी गोष्ट डोंगराची. आंदर मावळाच्या वाटेवरच्या एका उताराबद्दल तिथल्या गावकऱ्यांशी बोलणी झाली आहेत. तिथे झाडे लावायला आम्ही तुम्हाला बोलावत नाही. २०१९ साली राज्यात तेहेतीस कोटी झाडांचा संकल्प झाला, तेव्हा खड्डे, रोपे आणि फोटो यांची कमतरता कुठेच नव्हती; कमतरता होती ती मेच्या उन्हात त्यांच्याजवळ थांबणाऱ्याची. त्या उतारावर जमिनीखाली जांभूळ, हिरडा, ऐन, अंजनीची खोडे जिवंत आहेत. दर पावसाळ्यात ती फुटतात, आणि दर मार्चमध्ये जळतात. चार-पाच वर्षे आग आणि कुऱ्हाड लागली नाही तर ती आपली आपण डोक्याच्या वर जातील. रोप लावण्यापेक्षा हे फार स्वस्त आणि फार कंटाळवाणे काम आहे. त्यात फोटो काढण्यासारखे काही नसते.

गावकऱ्यांची अट एकच आहे आणि ती रास्त आहे. उतार राखायचा तर गुरांना दुसरे गवत हवे. गवत जाळायचे नाही, कापून द्यायचे. कापणीची मजुरी कोण देणार? वर्षाची ती रक्कम आपल्या सणाच्या मंडप आणि ध्वनिक्षेपकाच्या खर्चाहून कमी भरते. उपवासकाळात आपण गोडधोड, मांस, सिनेमा सोडून जे पैसे वाचवतो, ते यंदा त्या डब्यात पडावेत असे आम्ही सुचवतो. हे दान समजू नये. पाणी पिणाऱ्याने पाणी राखणाऱ्याला दिलेले बिल समजावे. या बिलाची पावती कुणी मागणार नाही, एवढाच फरक.

वनखात्याची परवानगी हाती आली की उताराच्या खालच्या अंगाला, रस्त्याकडून, जाळरेषा काढायची आहे : दहा-बारा फूट रुंद पट्टा, त्यातले गवत विळ्याने कापून, पाचोळा झाडून बाजूला. आग त्या पट्ट्यापाशी येऊन उपाशी मरते. विळा चालवता येणारी माणसे आपल्यात थोडीच उरली आहेत. नगरकडून आलेल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनी पुढे यावे आणि युवक संघातल्या मुलांना शिकवावे. स्त्री संघाने पाणी आणि न्याहारीची जबाबदारी घेतली आहे. ज्यांना गुडघ्यांमुळे डोंगर चढता येत नाही त्यांच्यासाठीही काम आहे. रस्त्याकडेला घर असलेल्या तीन कुटुंबांना रात्री धूर दिसला की कुणाला फोन करायचा, त्याची यादी करायची आहे. पहाटेपर्यंत जागे असणारे तेच आहेत.

पहिला दिवस उपवासकाळाचा पहिला रविवार, सकाळच्या मिस्सेनंतर. टोपी, पाण्याची बाटली आणि बूट असावेत, चपला नकोत. क्रुसाच्या वाटेच्या शुक्रवारी दोन-दोन जणांनी संध्याकाळी उताराला फेरी मारायची आहे. नावे देण्यासाठी वही देवळाच्या मागच्या टेबलावर, राखेच्या पानांच्या टोपलीशेजारी ठेवली आहे. पवित्र शुक्रवारची फेरी अजून कुणी घेतलेली नाही.

ख्रिस्तामध्ये आपले,
धर्मगुरू